आजीच्या हक्काच्या दोन संध्याकाळी

प्रश्न : माझे वय ६७ आहे. तीन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले आणि त्यानंतर मी त्याच शहरात मुलाकडे राहायला आले. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसातपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत चार वर्षांचा नातू माझ्याजवळ असतो आणि शाळा सुटल्यावर अकरा वर्षांची नातही. दोघांवर माझा जीव आहे. पूर्वी दर बुधवारी संध्याकाळी आम्ही चार मैत्रिणी एकत्र जमत असू. हा नेम तीस वर्षांचा होता. शिवाय आठवड्यातून एका संध्याकाळी मी सामुदायिक प्रार्थनेला जात असे. गेल्या वर्षभरात दोन्ही सुटले. मुलाला एकदा सांगून पाहिले, तेव्हा तो म्हणाला, ‘प्रार्थना घरी बसूनही करता येते आणि मैत्रिणींशी तू फोनवर बोलतेसच की.’ सून काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला. मग मीच म्हटले, ‘जाऊ दे, मी तर दिवसभर घरीच असते.’ हल्ली नातवावर फार चिडचिड होते. परवा त्याच्यावर इतकी ओरडले की तो घाबरून कोपऱ्यात जाऊन बसला. रात्री रडू येते. त्यातच नातीने विचारले, ‘आजी, देव खरंच आहे का?’ आणि मुलाने मला बजावले की तिच्या डोक्यात काही भरवू नकोस. आमच्या चौघींपैकी एकीला आता कमी ऐकू येते आणि तिने फोन घेणेही सोडले आहे. या वयात स्वतःसाठी दोन संध्याकाळी मागणे हा स्वार्थ आहे का?
– एक आजी

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे पुढचे वाचताना मनावर दडपण राहणार नाही. नाही, हा स्वार्थ नाही. नातवावर ओरडलात म्हणून तुमची माया आटली असेही मी मानत नाही. ज्या बाईने एकदा सांगून पाहिल्यावर पुन्हा हूं की चूं केले नाही, तिचा थकवा कुठून तरी बाहेर पडणारच होता आणि तो सर्वांत जवळ असलेल्या, उलट बोलू न शकणाऱ्या जिवावर पडला. त्याला जवळ घेऊन ‘आजी चुकली, आजी दमली होती’ एवढे सांगितले नसेल तर आज सांगा. चार वर्षांच्या मुलाला एवढे नक्की कळते.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मात्र मी बराच वेळ थांबले. ‘मी तर दिवसभर घरीच असते’ हे वाक्य मुलाने उच्चारलेले नाही, ते तुमचे आहे. दिवसाचे बारा तास आणि आठवड्याचे पाच दिवस म्हणजे साठ तास होतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ मध्ये आपला पहिलाच करार केला तो कामाच्या तासांविषयी होता आणि कारखान्यातल्या धडधाकट माणसासाठी त्यात दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. तुम्ही ६७ व्या वर्षी त्याहून बारा तास अधिक काम करता. हे आकडे मुलासमोर हिशेब मांडण्यासाठी देत नाही. ते तुम्ही स्वतः एकदा ऐकावेत एवढ्यासाठी देते, कारण जोवर तुम्ही स्वतःच या श्रमाला ‘घरी असणे’ म्हणत राहाल, तोवर घरातल्या कोणालाही ते काम म्हणून दिसणार नाही.

आता नातवंडांविषयी. त्यांना सांभाळल्यामुळेच तुमची तब्येत बिघडते आहे, असा निष्कर्ष कोणी काढील, पण तो खरा नाही. बर्लिनमध्ये सत्तरी ओलांडलेल्या पाचशेहून अधिक माणसांची १९९० पासून २००९ पर्यंत नोंद ठेवली गेली. त्यात अधूनमधून नातवंडांना सांभाळणाऱ्या आजी-आजोबांच्या मृत्यूचा धोका, नातवंडे न सांभाळणाऱ्यांच्या तुलनेत ३७ टक्क्यांनी कमी आढळला. नातवंडांची सगळी जबाबदारी ज्यांच्यावर पडली होती, अशा आजी-आजोबांचा मात्र त्या पाहणीत समावेशच नव्हता, आणि ही गोष्ट तुमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मेलबर्नमध्ये ५७ ते ६८ वयाच्या १८६ स्त्रियांच्या स्मरणशक्तीच्या व विचारशक्तीच्या चाचण्या घेतल्या, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एक दिवस नातवंडे सांभाळणाऱ्या आज्यांची बुद्धी सर्वांत तल्लख आढळली. पाच किंवा त्याहून अधिक दिवस सांभाळणाऱ्या आज्या मात्र एका चाचणीत बऱ्याच मागे पडल्या. सांभाळण्याचे दिवस जसे वाढत गेले, तशी ‘मुले आपल्याकडून फार अपेक्षा करतात’ ही भावनाही वाढलेली दिसली. अशी लहान पाहणी कार्यकारणभाव सिद्ध करत नाही, हे मी जाणून आहे. तरीही ती तुमचीच कहाणी सांगते, असे मला वाटते. जे काम मापात असताना माणसाला जगवते, तेच मापाबाहेर गेले की झिजवते.

‘आजी’ ही मनुष्यजातीच्या इतिहासातली फार मोठी व्यक्ती आहे, असे मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांचे एक मत आहे, आणि ते वाचल्यापासून मी आज्यांकडे वेगळ्या नजरेने पाहते. टांझानियात हाद्झा नावाचे लोक शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगतात. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यात राहून पाहिले की आईला नवे बाळ झाले आणि तिचा वेळ त्याच्यात जाऊ लागला, की मोठ्या भावंडांचे अंग भरणे आजी किती कंद खणून आणते यावर अवलंबून असते. स्वतःचे मूल होण्याचे वय संपल्यावरही स्त्री इतकी वर्षे का जगते, याचे उत्तर या अभ्यासकांनी तिथे शोधले. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतल्या फिनलंड व कॅनडामधील शेतकरी कुटुंबांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी तपासल्या तेव्हाही असेच दिसले की पन्नाशीनंतर स्त्री जितकी वर्षे जगली, त्यातल्या दर दहा वर्षांमागे तिच्या वंशात सरासरी दोन नातवंडे अधिक झाली. तुमच्या हातून घडणारे काम इतके जुने आणि इतके मोलाचे आहे. पण त्या हाद्झा आजीचा दिवस डोळ्यांसमोर आणला तर आणखी एक गोष्ट दिसते. ती बंद दाराआड एकटी एका मुलाबरोबर बसलेली नसते. ती चारचौघींबरोबर खणायला जाते, वाटेत बोलते, आणि तिची नातवंडे त्या सगळ्यांच्या पायांत घुटमळत वाढतात. आजीपण आणि मैत्रिणी यांतून एकाची निवड करावी लागणे ही अगदी अलीकडची, फ्लॅटच्या चार भिंतींतून आलेली अडचण आहे. तिला तुम्ही आपल्या स्वभावाचा दोष समजू नका.

तुमचा मुलगा म्हणतो की मैत्रिणींशी तू फोनवर बोलतेसच. त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नाही. त्याच्या वयात मैत्री बहुधा फोनवरच तग धरून असते. पण तुमच्या बुधवारचे स्वरूप त्याला ठाऊक नाही, कारण तुम्ही ते कधी सांगितलेले नसावे. दिवसभर तुम्हाला ‘आई’, ‘आजी’ अशा हाका येतात. नावाने हाक मारणारी माणसे यजमान गेल्यावर किती उरली, हे मोजून पाहा. त्या तिघी तुम्हाला नावाने ओळखतात. तुमचे लग्न, तुमचे बाळंतपण, यजमानांचा तापटपणा आणि त्यांचे प्रेम हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. विधवा स्त्रीच्या आयुष्यात अशा साक्षीदारांची जागा दुसरे कोणीच घेऊ शकत नाही, कारण जाणाऱ्या माणसाबरोबर आपल्या तरुणपणाचा साक्षीदारही जात असतो. २०१० मध्ये मानसशास्त्रज्ञ ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र केले. त्यांत एकूण तीन लाखांहून अधिक माणसे होती. ज्यांचे इतर माणसांशी नाते घट्ट होते, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. नाती घट्ट राहतात ती मात्र नेमाने, आणि तीस वर्षांचा नेम एकदा मोडला की सहा महिन्यांनी ‘कधीतरी भेटू’ उरते, वर्षाने तेही उरत नाही. तुमचे वर्ष होत आले आहे. म्हणून मी घाई करायला सांगते आहे.

प्रार्थनेविषयी मुलाचे म्हणणे अर्धे खरे आहे. घरी बसून प्रार्थना करता येते, आणि तुम्ही ती करत असणार. मात्र एकटीने केलेली आणि सर्वांबरोबर केलेली प्रार्थना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जगातल्या बहुतेक धर्मपरंपरांनी दोन्हींना वेगळे स्थान दिले आहे, ते उगाच नव्हे. एकांतात माणूस आपल्या श्रद्धेच्या बळावर बसतो. समुदायात तो इतरांच्या श्रद्धेच्या आधाराने बसू शकतो. ज्या दिवशी स्वतःच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्या दिवशी शेजारच्या बाईचा आवाज आपल्याला पुढच्या ओळीपर्यंत घेऊन जातो. माझ्या अत्यंत कोरड्या दिवसांत मी हा अनुभव घेतला आहे, आणि यजमान गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत तुम्हीही तो घेतला असेल, अशी माझी खात्री आहे.

मुलाला अनुभवापेक्षा आकडे अधिक पटत असतील, तर तेही आहेत. अमेरिकेतील सुमारे ७४ हजार परिचारिकांची १९९६ ते २०१२ अशी सोळा वर्षांची माहिती तपासून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा सामुदायिक उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत ३३ टक्क्यांनी कमी दिसले, आणि त्यामागच्या कारणांत इतरांचा मिळणारा आधार हे एक ठळक कारण आढळले. त्या स्त्रिया प्रामुख्याने ख्रिस्ती होत्या, त्यामुळे हा आकडा सर्वांना जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणणार नाही. शिवाय आयुष्य वाढावे म्हणून कोणी प्रार्थनेला जात नाही, आणि तुम्हीही तशा जाऊ नका. तुमची श्रद्धा तुमच्यासाठी काय आहे, हे मुलाला एकदा साध्या शब्दांत सांगा. ‘मला तिथे बरे वाटते’ एवढ्यावर थांबू नका. तिथे बसल्यावर तुमच्या आत काय होते, तुम्ही कोणाची आठवण काढता, त्याच्या वडिलांसाठी काय मागता, हे सांगा. त्याने ते कधीच ऐकलेले नसेल.

इथे मला माझी एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझी मुले लहान असताना माझी आई माझ्याकडे राहत होती. तीही अशीच आठवड्यातून एकदा प्रार्थनेला जात असे. मला उशीर होऊ लागला आणि तिचे जाणे कमी होत होत बंद झाले. मी एकदाही तिला ‘जाऊ नकोस’ म्हटले नव्हते, त्यामुळे आपण काही अडवले असे माझ्या मनालाही शिवले नाही. ती गेल्यानंतर तिची एक मैत्रीण मला भेटायला आली आणि म्हणाली, ‘तुझी आई शेवटची चार वर्षे आमच्यात नव्हती, पण तिची जागा आम्ही रिकामी ठेवत होतो.’ त्या वाक्याची बोचणी अजून गेलेली नाही. आईने मला एकदा, फक्त एकदा, स्पष्ट सांगितले असते तर मी नक्की वाट काढली असती. तुमचा मुलगाही काढील, असे मला मनापासून वाटते. पण त्यासाठी त्याला ते स्पष्ट ऐकू यायला हवे. ‘जाऊ दे’ हा शब्द जोडून केलेली विनंती कोणालाच ऐकू येत नाही.

म्हणून बोलायचे कसे, ते सांगते. मुलगा आणि सून दोघे एकत्र बसलेले असतील, सुटीचा दिवस असेल आणि मुले झोपलेली किंवा बाहेर असतील, अशी वेळ निवडा. एकट्या मुलाशी बोलू नका. सुनेचा चेहरा उतरला तो तुमच्या जाण्याला विरोध म्हणून नसावा. त्या क्षणी तिच्या मनात बहुधा एवढाच हिशेब झाला असेल की या दोन संध्याकाळी शेवटी आपल्याच माथी येणार. ती भीती रास्त आहे आणि ती तुम्हीच बोलून दाखवलीत तर तुमच्या दोघींमधले अंतर त्याच क्षणी कमी होईल. तुम्ही म्हणू शकता : ‘मला दोन्ही मुलांना सांभाळायला आवडते आणि मी सांभाळत राहणार आहे. पण मी थकते आहे, आणि त्या थकव्यापायी परवा बाळावर ओरडले, ते मला सहन झाले नाही. पुढच्या महिन्यापासून बुधवारी आणि प्रार्थनेच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी बाहेर पडेन. त्या दोन दिवशी पाचनंतर मुलांकडे कोण पाहील, हे आपण तिघांनी मिळून ठरवू. सगळा भार सुनेवर पडू नये, असे मला वाटते.’ हे शब्द तुमच्या बोलण्याप्रमाणे बदला, परंतु त्यातल्या तीन गोष्टी सोडू नका. दिवस आणि वेळ नेमकी सांगा. महिनाभराची मुदत द्या, कारण नोकरी करणाऱ्या माणसांना व्यवस्था लावायला अवधी लागतो. आणि ‘जमले तर’ हे शब्द तोंडातून निघू देऊ नका.

त्यांच्यापुढे वाटा आहेत. मुलगा एक दिवस लवकर निघू शकेल, सून दुसरा. ते नसेल जमत तर दोन-अडीच तासांसाठी पाळणाघर किंवा ओळखीची बाई पाहता येईल. नात अकरा वर्षांची आहे आणि समंजस आहे, म्हणून तिच्यावर भावाला सोपवून जाण्याचा विचार कोणी मांडला, तर त्याला मात्र तुम्ही नकार द्या. एका बाईचा मोकळा वेळ दुसऱ्या मुलीच्या बालपणातून काढायचा नसतो. पहिल्या एकदोन आठवड्यांत काहीतरी अडेलच. बैठक लांबेल, कोणाला ताप येईल. खरोखरची निकड असेल तेव्हा थांबा, पण त्याच आठवड्यात तो वेळ भरून मागा. आणि रागाच्या भरात ‘तुम्हाला माझी किंमत नाही’ असे म्हणण्याचा मोह होईल, तो आवरा. त्या वाक्यानंतर सगळे आपापली बाजू मांडू लागतात आणि तुमच्या बुधवारचा विषय मागे पडतो.

नातीच्या प्रश्नाविषयी मला अधिक सावकाश लिहायचे आहे. तिने तो प्रश्न तुम्हाला विचारला, बाबांना नाही, यातच तिच्या घरातली तुमची जागा दिसते. तिने तुम्हाला प्रार्थना करताना पाहिले आहे, आजोबा गेल्यावर तुम्हाला रडताना पाहिले आहे, आणि या दोन गोष्टींचा मेळ ती आपल्या परीने लावते आहे. त्या वयाची मुले मृत्यूचा विचार करू लागलेली असतात आणि बहुधा ‘देव आहे का’ यामागे ‘आजोबा कुठे गेले’ हा प्रश्न लपलेला असतो. तिला गप्प करणे योग्य होणार नाही. त्याचप्रमाणे मुलाच्या पाठीमागे तिला काही शिकवणेही योग्य होणार नाही. १९८९ च्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौदाव्या कलमात मुलाचे विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मान्य केले आहे, आणि त्याच कलमात मुलाच्या वाढत्या समजेला धरून मार्गदर्शन करण्याचा आईवडिलांचा अधिकारही मान्य केला आहे. त्या कलमात आजीचा उल्लेख नाही. म्हणून दिशा दाखवण्याचा पहिला अधिकार मुलाचा आणि सुनेचा, हे तुम्ही मोकळेपणाने मान्य करा. पण नातीने प्रेमाने विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देणे म्हणजे डोक्यात काही भरवणे नव्हे.

आधी मुलाला सांगा की तिने असे विचारले आणि मी तिला अमुक सांगणार आहे. मग तिला जवळ बसवून सांगा : ‘मी देव मानते. तुझे बाबा याबद्दल वेगळा विचार करतात आणि ते चांगले माणूस आहेत. मी का मानते, ते तुला सांगू शकते. तू काय मानायचे, ते मोठी होत होत तूच ठरवशील.’ त्यानंतर ती विचारील तेवढेच बोला. तुम्हाला कधी शंका आली का, असे तिने विचारले तर आली होती हे लपवू नका. यजमान गेले त्या रात्री तुमच्या श्रद्धेचे काय झाले, हे तुम्ही तिला तिच्या वयाला झेपेल इतपत सांगितलेत, तर कोणत्याही उपदेशापेक्षा ते तिच्या मनात जास्त काळ राहील. ती उद्या श्रद्धावान होईल की नाही, ते तुमच्या हाती नाही. आजी आपल्याशी खरे बोलली, ही आठवण मात्र तुमच्या हाती आहे, आणि मुलालाही याची भीती वाटण्याचे कारण राहणार नाही.

रात्रीच्या रडण्याकडे दुर्लक्ष करू नका. दुःख तीन वर्षांनी पुन्हा वर येऊ शकते आणि थकव्याने ते अधिक जड होते. पण रडू येणे, झोप न लागणे, जेवण नकोसे होणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज चालू असेल, तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइडचे विकार आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही माणूस खचल्यासारखा आणि चिडखोर होतो, त्यामुळे साधी रक्ततपासणीही करून घ्या. प्रार्थना करणाऱ्या माणसाने औषध घेतले तर श्रद्धेत काही उणे येत नाही. मनातले बोलल्याने काय होते, याचे एक उदाहरण तुम्हाला आवडेल. झिंबाब्वेमध्ये मानसोपचारतज्ज्ञ फार थोडे आहेत. तिथले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये १४ आज्यांना हाताशी धरून एक काम सुरू केले. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक ठेवायचे, त्यावर प्रशिक्षण घेतलेली आजी बसायची आणि मनाने खचलेले माणूस तिच्याशेजारी बसून बोलायचे. या आजारपणाला तिथल्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करत राहणे. आपण ‘मनाला लावून घेणे’ म्हणतो, त्याच्या अगदी जवळचा हा शब्द आहे. राजधानी हरारेतील २४ दवाखान्यांत ५७३ रुग्णांवर याची रीतसर चाचणी झाली, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, सहा महिन्यांनंतर या बाकावर बसलेल्या रुग्णांचे नैराश्य नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसले. एका आजीच्या ऐकण्यात इतके बळ असते. तुमच्या घरात ते बाक तुम्ही आहात. मुले रडत येतात ती तुमच्याकडे. तुम्ही मात्र कोणाशेजारी जाऊन बसायचे, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर तीस वर्षे दर बुधवारी तुमच्याजवळ होतेच.

आता शेवटचे, तुमच्या त्या मैत्रिणीविषयी. तिने फोन घेणे सोडले, याचा अर्थ ती तुमच्यावर रुसली असा लावू नका. वयानुसार कमी ऐकू येऊ लागते तेव्हा आधी उंच पट्टीतले आवाज जातात. मग स, श, फ, थ असे वर्ण पुसट होतात आणि आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही, अशी स्थिती होते. फोनवर ओठ आणि चेहरा दिसत नाहीत, त्यामुळे तिथे तिची सर्वांत जास्त तारांबळ होते. पुन्हा पुन्हा ‘काय म्हणालीस?’ विचारण्याची लाज वाटते आणि माणूस फोन वाजू देतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता किंवा सुधारता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या; त्यांत कमी ऐकू येणेही आहे आणि माणसांपासून तुटणेही. तिच्या बाबतीत पहिल्यातून दुसरे ओढवू लागले आहे. त्यामुळे तिची श्रवणतपासणी व्हायला हवी आणि गरज असेल तर यंत्र बसवायला हवे. हे तिच्या मुलांनी सांगितलेले तिला कदाचित बोचेल. तुमच्याकडून ते ती ऐकून घेईल.

तिला फोन करू नका. बुधवार पुन्हा सुरू होण्याची वाटही पाहू नका. या रविवारी तासभर काढून नातवाला बरोबर घ्या आणि तिच्या घरी जा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असे तिच्या समोर बसा, न ओरडता, सावकाश बोला. तिचा कोणता कान अजून चांगला आहे ते विचारून घ्या, आणि प्रार्थनेच्या पहिल्या संध्याकाळी तिला घेऊन जाल तेव्हा त्या बाजूला बसा.